गाडीवर टाकलेली शाल

तंजावरला थंडी पडते असं सांगितलं की महाराष्ट्रातले लोक हसतात. पुण्याहून आलेल्या एक बाई ऐन मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या थंडीत, आमच्याकडे पंखा लावून झोपल्या होत्या आणि सकाळी मला म्हणाल्या, "काय छान हवा आहे हो तुमच्याकडे!" असेल. त्यांना कालव्याकाठानं पहाटे चालायचं नव्हतं. गावाला चारी बाजूंनी भाताची शेतं पाण्यात उभी असतात आणि उजाडायच्या सुमाराला त्या ओलीतून जो गारवा उठतो त्याला आम्ही इथले मराठी लोकही तमिळ लोकांसारखं 'पनी' म्हणतो. दव, धुकं, गारठा, सगळं त्यात आलं. धडधाकट माणसाला ती काही करत नाही. जो हालत नाही त्याच्या अंगात मात्र शिरून बसते.

माझा मुलगा हालत नव्हता.

ही गोष्ट घडली त्या वर्षी तो अडीच वर्षांचा होता. जन्मताना श्वास घ्यायला त्याला उशीर झाला आणि तेवढ्यात हातपाय त्याच्या ताब्यातून गेले. बसवलं की कलंडायचा. मान सावरायला तो नुकताच कुठे शिकत होता. कळायचं मात्र सगळं. मी मराठीत बोलले तरी कळे, शेजारीण तमिळमध्ये बोलली तरी कळे, आणि कुणी शिंकलं की हसून हसून त्याला उचकी लागे.

हे मी देवनागरीत लिहिते आहे, कारण ती मला येते. वडिलांनी हट्टानं शिकवली. सासरी सगळे घरात मराठीच बोलतात, पिढ्यान् पिढ्या बोलत आले आहेत, पण वाचत कुणी नाही. तमिळमध्ये लिहिलं असतं तर सासूबाईंनी दुपारी चष्मा लावून वाचून काढलं असतं आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या वीथीला, म्हणजे आमच्या गल्लीला, मी कशी आहे ते कळलं असतं.

बाबागाडी नणंदेनं दिलेली. ती बर्फाच्या देशात राहते. तिची मुलं मोठी झाली, म्हणून सुट्टीत येताना ती गाडी विमानातून घेऊन आली. चांगली, दणकट, मोठ्या चाकांची. गाडीबरोबर एक पिशवीही होती. मुलाला तीत पायापासून घालायचं आणि चेन ओढून हनुवटीपर्यंत बंद करायचं. आतून मेंढराच्या लोकरीसारखं मऊ अस्तर. "आमच्याकडे याच्याशिवाय मूल बाहेर काढतच नाहीत," नणंद म्हणाली. मी पिशवी उघडून हात आत घातला आणि जरा वेळानं तळव्याला घाम आला. ती मी माळ्यावर टाकली.

मुलाच्या व्यायामाचं केंद्र आमच्या वीथीपासून लांब, खंदकाच्या पलीकडे. मी ओरत्तनाडूच्या सरकारी शाळेत शिकवते. बस पकडायच्या आधी व्यायाम उरकायचा म्हणजे उजाडताच निघायला हवं. मार्गळीत त्या वेळी बायका दारासमोर पिठाच्या रांगोळ्या, कोलम, घालत असतात, रस्त्याच्या अर्ध्यापर्यंत. बाबागाडीची चाकं त्यांतून वाचवत न्यायची. एखाद्या रेघेवरून चाक गेलं की मागून आवाज यायचा, "पाहून जा की!" मग गाडीत कोण आहे ते दिसायचं आणि आवाज एकदम गोड व्हायचा. मला तो गोड आवाज जास्त लागायचा.

केंद्रातल्या बाईंनी पहिल्याच हिवाळ्यात सांगितलं होतं, "गारठ्यात याचे स्नायू आखडतात. गारठलेला आणलात तर निम्मा वेळ त्याला मोकळा करण्यातच जातो." म्हणजे मुलाला ऊबदार पोचवायचं. आपण चालतो तेव्हा आपलं अंग आपोआप तापतं. ढकलणाऱ्या आईला घाम येतो आणि तिला वाटतं, हवा काही इतकी गार नाही. गाडीतलं मूल बसून असतं. त्यातून माझं मूल तर हातसुद्धा झटकत नव्हतं.

हळूहळू माझं मला कळत गेलं. सगळ्यांना वाटतं थंडी वरून येते. गाडीतल्या मुलाला ती खालून लागते, बसायच्या त्या पातळ कापडातून. मी जुन्या सुती साड्यांची एक छोटी गोधडी शिवली आणि गाडीत पाठीपासून पायापर्यंत अंथरली. तिनं जेवढं काम केलं तेवढं कुठल्या पांघरुणानं केलं नाही. अंगात आधी बनियन, वर फ्लॅनेलची बंडी, त्यावर माझ्या वडिलांची लोकरी बंडी कापून केलेला सदरा. जाड कपड्यांवर गाडीचे पट्टे आवळले तर ते नुसते दिसायला आवळलेले असतात, मूल आत सरकतं. म्हणून पट्टे आधी, पांघरूण नंतर. मोजे एक माप मोठे. वाटेत थांबून मी त्याच्या मानेमागे बोट घालून बघायची. हात गार असले तर असू देत, त्याचे नेहमीच असत. मान कोमट असली की पुढे चालायचं, ओली लागली की एक कपडा कमी. आणि तोंडासमोर काही नाही. त्याला बघायला आवडायचं. दूधवाला, कोलम, भिंतीवरचं मांजर. बाकी सगळं दुसऱ्यांच्या हातात असलेल्या त्या पोराला तेवढंच तर स्वतःचं स्वतः करता येत होतं.

सासूबाईंना मी अम्मा म्हणते. त्या सुरुवातीला रोज दारापर्यंत यायच्या आणि स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून गाडीवर टाकायच्या. छतापासून पावलांपर्यंत, पूर्ण.

"अम्मा, तोंड मोकळं राहू दे. त्याला हवा लागते."

"पनी पडतीय बाहेर. तेला सोसायची नाही. तूं आपली शिकलेली, तुला काय सांगायचं?"

मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? त्या घरात त्याला उचलून घेणारे हात फार नव्हते. शाल का होईना, आजीनं आपल्या अंगावरची काढून नातवावर टाकली, एवढ्यावर मी खूश होते. कोपऱ्यावर वळलं की शाल काढून घडी करायची आणि परत येताना पुन्हा टाकायची, म्हणजे त्यांचं मन राहील. असं कितीतरी दिवस चाललं.

मग एका सकाळी समोरच्या घरी पाहुण्या आलेल्या एक बाई रस्त्यावर उभ्या होत्या. कुणाच्या तरी लग्नाची बोलणी करायला आल्या होत्या, ओळख वाढवायच्या विचारात होत्या. मी गाडी उंबऱ्याबाहेर काढली. अम्मांनी अजून शाल टाकली नव्हती. मुलगा आपल्या नेहमीच्या पद्धतीनं, मान एका बाजूला टाकून, तोंडातून लाळ गळत, त्या बाईंच्या हातातल्या पिशवीकडे बघून हसत होता. त्या पुढे आल्या. "नातू का?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

अम्मांनी झटकन शाल ओढली. इतक्या घाईनं की शालीचं टोक त्याच्या डोळ्याला लागलं.

"झोपलाय," अम्मा म्हणाल्या.

शालीच्या आतून तो हसत होता. खिदळत होता. त्या बाईंनी ऐकलं, मी ऐकलं, अम्मांनीही ऐकलं. मी गाडी ढकलत निघाले. त्या दिवशी कोपऱ्यावर शाल काढली ती घडी केली नाही, चुरगाळून गाडीखालच्या जाळीत कोंबली. इतके दिवस मी जिला माया समजत होते ते झाकण होतं. थंडी नसती तर त्यांना दुसरं काही सापडलं असतं, ऊन, दृष्ट, धूळ.

त्या रात्री मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "तुला सगळ्यातच वाकडं दिसतं. म्हातारी काळजीनं करते." मग म्हणाला, "आणि समजा नसेल काळजीनं, तरी काय बिघडलं? धाकट्याचं लग्न जमेपर्यंत जरा जपून घ्यायला काय हरकत आहे?"

धाकटा म्हणजे माझा दीर. त्याचं जमत आलं होतं.

साखरपुडा मार्गळीनंतरच्या तै महिन्यात ठरला, पापनाशमच्या एका कल्याण मंडपात. मुलीकडचे तिथले. नणंद त्यासाठी खास आली. मुलाला न्यायचं की नाही यावर घरात बोलणं झालं, माझ्यासमोर नाही, पण मला ऐकू जाईल इतक्या जवळ. शेजारणीकडे ठेवू या, असं कुणीतरी सुचवलं. मी बाहेर येऊन सांगितलं, "तो येणार नसेल तर मीही येत नाही. थोरली सून कुठाय असं विचारलं की तुम्ही सांगा काय सांगायचं ते." यावर इलाज नव्हता. नवरा म्हणाला, "ठीक आहे, आणू. पण जरा मागे बसवू."

सकाळी आम्ही व्हॅननं निघालो. शेतांवर धुकं होतं. मी त्याला नेहमीसारखे कपडे घातले होते आणि वर एक सुती चादर. मंडपात पोचेपर्यंत ऊन वर आलं. मी सदरा काढला, मोजे काढले. तो मजेत होता. नादस्वरम सुरू झालं तसे त्याचे डोळे मोठे झाले. आम्ही शेवटच्या रांगेत, खांबापाशी होतो.

तेवढ्यात अम्मा आल्या. "थोरल्या सुनेनं ताटं धरायची असतात. चल लवकर." फळांची, साडीची, हळदकुंकवाची ताटं दोन्हीकडच्या बायका ओळीनं मांडतात. मी गाडीकडे पाहिलं.

"मी आहे ना," नणंद म्हणाली. "दोन पोरं वाढवलीत मी. जा तू."

मी गेले. ताटं मांडून झाली, मग ओवाळणं आलं, मग फोटो. फोटोवाला म्हणे, जरा हसा. मी मान वळवून खांबाकडे पाहिलं. तिथे गाडी नव्हती. नणंद दुसऱ्या बाजूला मुलीच्या आईशी बोलत बसली होती.

मी ताट तिथेच ठेवलं आणि तिच्यापाशी गेले. "तो कुठाय?"

"अगं, आत आहे. इथे फार वारा होता पंख्यांचा. छान उबेत ठेवलाय. झोपला पण."

"आत कुठे?"

तिनं हातानं मागं दाखवलं. मुलीच्या आईनं विचारलं, "कोण?" आणि नणंद म्हणाली, "काही नाही, एक लहान मूल आहे."

स्वयंपाकघराच्या मागे एक बोळ होता, नारळ आणि केळीची पानं रचून ठेवायचा. भिंतीच्या पलीकडे मोठी चुलाणं पेटली होती. भिंतीला हात लावला तर चटका बसावा. त्या बोळात गाडी उभी होती. छत खाली ओढलेलं, त्यावर अम्मांची शाल, आणि शाल उडू नये म्हणून दोन्ही बाजूंना सेफ्टी पिना लावलेल्या. मी पिना काढत बसले नाही. शाल ओढली, ती टर्रकन फाटली. आत तो त्या लोकरीच्या पिशवीत होता. माळ्यावरून ती कुणी काढली, व्हॅनमध्ये कुणी ठेवली, मला आजवर कुणी सांगितलेलं नाही. चेन हनुवटीपर्यंत बंद.

त्याचा चेहरा लालभडक होता. केस कपाळाला चिकटले होते. डोळे अर्धे उघडे होते, पण ते मला बघत नव्हते. त्याला मोठ्यानं रडता येत नाही. रडला असेल तरी भांड्यांच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं असतं? ओठ कोरडे पडले होते. मी चेन उघडली तेव्हा आतून वाफ आल्यासारखी वाटली. अंग भट्टीसारखं तापलं होतं, आणि एरवी ताठ असलेले हातपाय कापडासारखे लोंबत होते.

मी त्याला घेऊन मागच्या नळावर धावले. कपडे काढले, ओला पदर अंगावरून फिरवत राहिले. आचाऱ्यांपैकी एकानं पंख्यासारखं केळीचं पान हलवायला सुरुवात केली. बाकीचे बघत उभे होते. मग आमच्याकडचे आले. आधी नवरा, मग अम्मा, मग नणंद.

"पनी लागूं नये म्हणून झाकलं," अम्मा म्हणाल्या.

"माझी मुलं शून्याखाली असल्या पिशवीत बाहेर झोपलीत," नणंद म्हणाली. "काही होत नाही. तूच सकाळी गारठ्यात उघडा आणलास त्याला."

मी ओरडले. काय ओरडले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मराठीत ओरडत होते आणि मध्येच तमिळमध्ये ओरडू लागले, म्हणजे मुलीकडच्यांनाही कळावं. "लपवायचा होता तुम्हाला! थंडीचं नाव कशाला घेता?" नवऱ्यानं माझा दंड धरला. मला वाटलं आधाराला धरला. तो दातांतून म्हणाला, "आवाज कमी कर."

रिक्षा आचाऱ्यानं बोलावली. रिक्षात मुलाला झटके आले. माझ्या मांडीवर त्याचं सगळं अंग धनुष्यासारखं वळलं आणि सुटलं, पुन्हा वळलं. नवरा बरोबर होता. दवाखान्यात त्याला आत घेतलं, सलाईन लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "उन्हात होता का?" मी सांगितलं, "लोकरीत होता." त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि ते आत गेले.

झटके थांबल्यावर नवऱ्यानं घड्याळाकडे पाहिलं. "अंगठी घालायचा मुहूर्त आहे. थोरला भाऊ नसला तर बरं दिसणार नाही. आता स्थिर आहे ना तो? मी जाऊन येतो."

तो गेला. परत आला तो ऊन उतरल्यावर, हातात केळीच्या पानात बांधलेलं जेवण घेऊन. "खाऊन घे," म्हणाला, "सकाळपासून पोटात काही नाही तुझ्या." पायसम वेगळ्या डब्यात आणलं होतं. मला गोड आवडतं हे त्याला ठाऊक होतं. एवढं सगळं ठाऊक असलेल्या माणसाला जेवढं समजायला हवं होतं तेवढं समजलं नाही, यापेक्षा जास्त मी त्याच्याविषयी आजही काही सांगू शकत नाही.

मूल वाचलं. घरी आलं. पण जी मान तो सावरायला शिकला होता ती पुन्हा पडली. हसणं परत यायला किती तरी आठवडे लागले. केंद्रातल्या बाईंनी त्याला चटईवर पालथा घातला, हनुवटीखाली हात धरून बघितलं आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून करू." त्यांचा आवाज साधा होता. मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आले.

वीथीत बातमी वेगळीच पसरली होती. मार्गळीभर आईनं पोराला पहाटेच्या पनीत फिरवलं, ती छातीत बसली आणि नेमकी साखरपुड्याच्या दिवशी ताप होऊन निघाली. कोलम घालणाऱ्या बायका मला सल्ले देऊ लागल्या. कानात कापूस घाल. वेखंड उगाळून लाव. एकीनं तर सरळ म्हटलं, "सासू सांगत होती तेव्हा ऐकायचं होतंस." मी पहिल्यांदा खरं काय झालं ते सांगायला गेले. त्यांनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी तोच सल्ला पुन्हा दिला. आजीनं नातवाला शालीत गुंडाळलं, यात वाईट काय असू शकतं? आपल्याकडे ऊब देणाऱ्याला कुणी दोष देत नाही.

दिराचं लग्न झालं. मी गेले नाही. त्याच सुमाराला ओरत्तनाडूला, शाळेच्या जवळ, मी दोन खोल्यांचं घर घेतलं, भाड्यानं. नवऱ्याला सांगितलं, "तुम्ही या, न या." तो रविवारी येतो. मुलाला मांडीवर घेऊन बसतो, नखं कापतो, कधीकधी गाडी ढकलत कालव्यापर्यंत नेतो. वाईट माणूस नाही तो. आमच्यात भांडण होत नाही. भांडायला जे लागतं ते आता नाही.

केंद्र लांब पडतं. आठवड्यातून दोनदा बसनं जातो, एरवी घरीच व्यायाम. गाडी आता लहान होते. त्याचे गुडघे पुढच्या दांडीला लागतात. शाळेतले सहकारी विचारतात, "इतका मोठा झाला, अजून गाडीतच?" मी म्हणते, "हो, अजून गाडीतच." पुढे बोलायचं असेल तर ते बोलू देत.

गेल्या मार्गळीत अम्मा आल्या. एकट्या, बसनं. मी दार उघडलं, पाणी दिलं, कॉफी केली. त्यांनी नातवाकडे पाहिलं. तो त्यांना विसरला नव्हता. त्यांना बघून तोंड भरून हसला, जसा तो सगळ्यांनाच हसतो. त्याला कुणाचा हिशेब ठेवता येत नाही, आणि मला त्याचा कधीकधी राग येतो.

अम्मा रडल्या. "मी मुद्दाम केलं असं वाटतं का तुला?" त्यांनी विचारलं.

"मुद्दाम मारायला नाही केलंत," मी म्हटलं. "मुद्दाम झाकायला केलंत."

"लोकांची तोंडं... तुला माहीत नाही कां? धाकट्याचं मोडलं असतं तर?"

"नाही मोडलं ना. झालं सगळं छान."

कॉफी निवून गेली. मग त्या म्हणाल्या, "एकदा मी तेला रस्त्याच्या टोकापर्यंत नेऊं? तूं बरोबर ये पाहिजे तर."

मी नाही म्हटलं. विचार करायला सुद्धा थांबले नाही. त्यांनी मान हलवली, जणू तेच उत्तर येणार हे त्यांना ठाऊक होतं, आणि पिशवीतून एक विणलेली टोपी काढून टेबलावर ठेवली. कानांवरून येणारी, हनुवटीखाली बांधायची. टाके बारीक होते. त्यांच्या डोळ्यांना आता नीट दिसत नाही, म्हणजे खूप वेळ लागला असणार. जाताना त्यांनी मला "येते" म्हटलं. मी त्यांना बसस्टॉपपर्यंत पोचवायला गेले नाही. मुलगा एकटा होता हे खरं, पण त्याला घेऊनही जाता आलं असतं.

टोपी चांगली आहे. लोकर टोचत नाही, कान झाकले जातात आणि चेहरा मोकळा राहतो. पहाटे बाहेर पडताना मी ती त्याला घालते. त्यांना हे मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.